विश्रामबागेत सापडलेल्या लॅब्रेडॉरचा मालक कसा शोधावा?

सांगलीच्या विश्रामबागेत राहणाऱ्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. चार दिवसांपूर्वी रात्री सांगली-मिरज रस्त्याच्या कडेला त्यांना फिकट पिवळ्या रंगाचा लॅब्रेडॉर जातीचा नर कुत्रा सापडला. गळ्यात तुटलेला लाल पट्टा होता. त्यावर नाव किंवा फोन नंबर दिसला नाही. त्यांनी त्याला घरी आणले, त्याचे फोटो फेसबुकवर आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले आणि आतापर्यंत तिघांनी ‘हा आमचाच’ असे सांगून फोन केले आहेत. मुलांना कुत्र्याचा लळा लागला आहे, फ्लॅट लहान आहे आणि कुत्रा हडकलेला असल्यामुळे मूळ मालकाने त्याला नीट सांभाळले नसावे, अशी शंका त्यांना येते. म्हणून तासगाव तालुक्यातील माहेरच्या शेतावर त्याला नेऊन ठेवावे का, असे त्यांनी विचारले आहे. सांगलीत पाळीव प्राण्यांचा दवाखाना चालवणारा पशुवैद्य म्हणून मला जे ठाऊक आहे, ते सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम, त्याला शेतावर नेऊ नका. हरवलेल्या जनावराचा मालक जनावराला नव्हे, तर जागेला धरून शोध घेत असतो. कुत्रा जिथून सुटला तिथल्या गल्ल्या, जवळचे दवाखाने, चहाच्या टपऱ्या आणि ओळखीचे रखवालदार, एवढ्याच परिघात तो फिरतो. तुम्ही कुत्र्याला दुसऱ्या तालुक्यात नेले, तर त्याला शोधणारा माणूस आणि तुम्ही यांची गाठ पडण्याचा मार्गच बंद होतो. हरवलेली जनावरे परत न जाण्याचे कारण पुष्कळदा चोरी किंवा अपघात नसते. एखादा भला माणूस त्यांना उचलून दुसऱ्या गावी सुरक्षित ठेवतो, तिथेच माग तुटतो. तुमच्या घरात जागा नसेल, तर विश्रामबागेतच कुणाच्या अंगणात, ओळखीच्या दवाखान्यात किंवा कुत्री सांभाळणाऱ्या जवळच्या केंद्रात त्याची सोय करा. तासगावच्या शेताबाबत आणखी एक अडचण आहे. त्या भागात द्राक्षे आणि बेदाणा सगळीकडे पडलेला असतो, आणि द्राक्षे व बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. किती खाल्ल्यावर त्रास होईल, याचा भरवशाचा अंदाज बांधता येत नाही. एखाद्या कुत्र्याला थोडेसेही बाधतात. लॅब्रेडॉर तर समोर येईल ते खाणारा प्राणी आहे.

जागेचे महत्त्व एकदा ध्यानात घेतले, की जाहिरात कुठे करायची हेही आपोआप ठरते. फेसबुकवरील फोटो पुण्या-मुंबईतील हजारो लोक पाहतात, पण ज्याचा कुत्रा हरवला आहे ते विश्रामबागेतील किंवा वानलेसवाडीतील आजोबा फेसबुक पाहत असतीलच असे नाही. म्हणून कुत्रा जिथे सापडला त्या ठिकाणी आणि तिथून चालत जाता येईल एवढ्या अंतरातील प्रत्येक किराणा दुकानात, मेडिकलमध्ये, पानपट्टीवर व मंदिराच्या फलकावर मोठ्या अक्षरांतील कागद लावा. पहाटे रस्त्यावर असणाऱ्या माणसांना तोंडी सांगा: दूध घालणारे, पेपर टाकणारी मुले, घंटागाडीवरील कर्मचारी, सोसायट्यांचे रखवालदार, नेमिनाथनगरच्या मैदानावर आणि आमराईत फिरायला येणारी मंडळी. कुठल्या घरात कोणता कुत्रा आहे आणि कुठल्या फाटकामागून हल्ली भुंकणे ऐकू येत नाही, हे या लोकांना जेवढे ठाऊक असते तेवढे महापालिकेलाही नसते. शहरातील, तसेच मिरज आणि कुपवाडमधील पशुवैद्यांना फोन करून वर्णन सांगा. घाबरलेला मालक बहुधा पहिला फोन आपल्या डॉक्टरांनाच करतो. स्थानिक वृत्तपत्रातील छोटी जाहिरातही अजून उपयोगी पडते, कारण घरातील वडीलधारी माणसे ती वाचतात.

महापालिकेच्या कुत्री पकडणाऱ्या गाडीकडे मात्र त्याला सोपवू नका. प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023 हे मुख्यतः भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणासाठी आणि रेबीजच्या लसीकरणासाठी आहेत, आणि त्यांनुसार शस्त्रक्रियेनंतर कुत्रा जिथून उचलला तिथेच सोडायचा असतो. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला ते योग्य असले, तरी घरातल्या कुत्र्याला सांगली-मिरज रस्त्यावर पुन्हा सोडणे म्हणजे त्याला वाहनांच्या तोंडी देणे होय. गाडीकडे किंवा निर्बीजीकरण केंद्राकडे तुम्ही वर्णन आणि फोन नंबर अवश्य नोंदवा, कारण मालक तिथे चौकशी करू शकतो. कुत्रा मात्र तुमच्याकडेच असू द्या. जवळच्या पोलीस ठाण्यातही लेखी माहिती देऊन तिची पोच घ्या. त्या कागदाचा उपयोग पुढे सांगतो.

आता ओळखीच्या खुणांबद्दल. पट्ट्यावर नंबर दिसला नाही, असे तुम्ही लिहिले आहे. तरी पट्टा काढून त्याची आतली बाजू तिरप्या उजेडात पाहा. पुष्कळ लोक पेनाने आतून नंबर लिहितात, तो घासून पुसट होतो, पण फोटो काढून मोठा केला तर काही अंक वाचता येतात. त्यानंतर त्याला कोणत्याही अशा दवाखान्यात न्या, जिथे मायक्रोचिप वाचण्याचे यंत्र आहे. चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि खांद्यांच्या मधोमध त्वचेखाली टोचलेली असते. तिच्यात बॅटरी नसते आणि ती प्राण्याचा ठावठिकाणाही सांगत नाही. स्कॅनर अगदी जवळ नेल्यावर केवळ पंधरा अंकी क्रमांक उमटतो. चिप कधीकधी त्वचेखाली सरकते, म्हणून पाठीवर काही सापडले नाही तरी दोन्ही खांदे, छाती आणि पुढच्या पायांचा वरचा भाग सावकाश तपासून घ्यायला सांगा. पंधरापैकी पहिले तीन अंक देशाचा किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीचा संकेत असतात. आपल्याकडे सर्व पाळीव कुत्र्यांची एकच सरकारी नोंदवही नाही, त्यामुळे क्रमांक मिळाला म्हणजे मालक मिळाला असे होत नाही. चिप बनवणाऱ्या कंपनीकडे आणि जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाकडे विचारणा करावी लागते. तरीही हा क्रमांक अमोल आहे, कारण तीन दावेदारांपैकी ज्याच्या कागदावर तोच क्रमांक असेल, त्याच्याशी वाद घालण्याचे कारण उरत नाही.

चिप नसली तरी शरीर बरेच काही सांगते. मानेभोवतीचे केस झिजलेले असतील तर पट्टा कायमचा होता. कोपरांवर जाड, केस गेलेले घट्टे असतील तर कुत्रा फरशीवर किंवा सिमेंटवर बसणारा आहे. नखे कापलेली आहेत का, वृषण काढलेले आहेत का, दातांवर किती कीट आहे, पोटाच्या खालच्या बाजूला एखादा डाग किंवा जुना व्रण आहे का, हे सर्व डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद कुणालाही दाखवू नका. कानाला मुद्दाम पाडलेली खाच असेल तर तो निर्बीजीकरण झालेला रस्त्यावरचा कुत्रा असण्याचा संभव असतो. तुमच्या लॅब्रेडॉरच्या बाबतीत ती शक्यता फार कमी आहे.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट करून पाहण्यासारखी आहे. त्याच्याशी निरनिराळ्या भाषांत बोलून पाहा. ‘बस’, ‘सिट’, ‘शेकहँड’ यांना तो दाद देत नसेल, तर कानडीत ‘इल्ली बा’ (इकडे ये) म्हणून पाहा. मिरजेच्या दवाखान्यांत बेळगाव, विजयपूर, चिकोडीकडून सतत रुग्ण येतात, त्यांच्यासोबत गाड्या येतात आणि गाडीचे दार उघडताच कुत्रा निसटला, असे घडणे अवघड नाही. कानडीतली हाक ऐकून त्याने मान वळवली, तर जाहिरातीचा एक कागद कानडीतही लिहा, आणि तो मिरजेतील मोठ्या दवाखान्यांच्या फाटकावर व रेल्वे स्थानकाबाहेर लावा. पेठ नाक्यासारख्या महामार्गावरील ठिकाणी सापडलेल्या कुत्र्याबाबत मी हाच विचार कोल्हापूर आणि पुण्यापर्यंत ताणला असता. विश्रामबागेत सापडलेला कुत्रा मात्र बहुधा विश्रामबागेचाच असतो.

म्हणूनच एक सोपी चाचणी करा. पहाटे रहदारी सुरू होण्यापूर्वी त्याला सापडलेल्या जागी न्या आणि लांब दोरी सैल सोडून तो कुठे ओढतो ते पाहा. ओळखीचा रस्ता लागला की कुत्र्याची चाल बदलते. तो वास घेत रेंगाळण्याऐवजी सरळ चालू लागतो आणि एखाद्या वळणावर तुमची परवानगी न घेताच वळतो. दोन पट्टे वापरा, एक गळ्यात आणि एक छातीभोवती, कारण घाबरलेला कुत्रा मान मागे ओढून गळ्यातला पट्टा सहज काढतो. तो पुन्हा सुटलाच तर त्याच्या मागे धावू नका आणि चार जणांना हाका मारायला लावू नका. अशा वेळी कुत्रा स्वतःच्या मालकालासुद्धा चुकवून पळतो. जमिनीवर त्याच्याकडे बाजू करून बसावे, नजर भिडवू नये, वासाचे खाणे ठेवावे आणि थांबावे.

त्याच्या हडकलेपणावरून मालकाबद्दल तुम्ही जे अनुमान काढले आहे, त्याविषयी मला स्पष्ट मतभेद नोंदवावासा वाटतो. हरवलेला घरचा कुत्रा रस्त्यावर अन्न मिळवू शकत नाही, इतर कुत्री त्याला उकिरड्याजवळ फिरकू देत नाहीत, आणि दोन-तीन आठवड्यांत त्याच्या फासळ्या दिसू लागतात. गोचिडांनी भरलेले अंग, फाटलेला कान, लंगडणारा पाय, ही सर्व लक्षणे तो घराबाहेर किती दिवस होता ते सांगतात. घरात त्याला कसे वागवले जात होते ते सांगत नाहीत. जत आणि कवठेमहांकाळकडचे कारवान या सडपातळ शिकारी जातीचे कुत्रे तर घरी पोटभर खाऊनही फासळ्या दिसतील असेच असतात, आणि शहरातील दयाळू लोक त्यांना उपाशी समजून उचलून आणतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा गावभागातील आणि नदीकाठच्या गावांतील कितीतरी लोकांना अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडावे लागले. त्यांची जनावरे उंच भागांत भटकत होती आणि मालक निवारा केंद्रांत होते. फोन भिजलेले, वीज गेलेली. ‘इतके दिवस कुणी शोधायला आले नाही, म्हणजे सोडूनच दिलेला दिसतो’ असे त्या काळात म्हणणाऱ्यांनी मालकांवर अन्याय केला. दिवाळीचे फटाके, मिरजेच्या विसर्जन मिरवणुकीतील ध्वनिक्षेपक किंवा वळवाचा कडकडाट यांनी उत्तम सांभाळलेला कुत्राही भिंत ओलांडून पळतो. तुमच्या कुत्र्याचा पट्टा सोडलेला नसून तुटलेला आहे, यावरूनही तो स्वतःच निसटला असावा असे मला वाटते.

मुद्दाम टाकून दिलेली जनावरे असतात, हे मी नाकारत नाही. पिल्ले काढून घेऊन थकलेली मादी, त्वचारोगाने केस गेलेला कुत्रा, म्हातारा आणि आंधळा झालेला पॉमेरियन, अशी जनावरे बाजारपेठेच्या कडेला सोडून देणारे लोक आहेत. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 च्या कलम 11 खाली जनावराला उपासमारीच्या स्थितीत सोडून देणे हा गुन्हा आहे. परंतु तो ठरवण्याचे काम पुराव्याचे आहे. मालक समोर आला आणि तुम्हाला खरोखरच मारहाणीच्या खुणा दिसल्या, तर डॉक्टरांचा लेखी अहवाल घेऊन पोलिसांकडे जा. कुत्रा लपवून ठेवून स्वतःच निवाडा करू नका.

तीन दावेदारांचा प्रश्न नाजूक आहे. तुम्ही पट्ट्यासह पूर्ण फोटो प्रसिद्ध केले असल्यामुळे रंग, जात आणि लाल पट्टा ही माहिती आता कुणालाही सांगता येईल, म्हणून तिला ओळखीचे मूल्य राहिलेले नाही. यापुढे फक्त चेहऱ्याचा फोटो ठेवा. जातिवंत नर कुत्रा पैदाशीसाठी किंवा विक्रीसाठी फुकट मिळवण्याचा प्रयत्न करणारे लोक असतात, आणि ते अतिशय गोड बोलतात. त्यांना ‘पोटावर डाग आहे का?’ असे विचारू नका, कारण उत्तर प्रश्नातच दिले जाते. ‘त्याच्याबद्दल काय सांगाल?’ असे विचारून गप्प बसा. खरा मालक न विचारताच भलभलते तपशील सांगू लागतो: पावसात बाहेर जायला नको म्हणतो, डाव्या बाजूचा दात तुटका आहे, कुकरची शिट्टी झाली की स्वयंपाकघरात येतो. त्याच्याकडे पिल्लू असल्यापासूनचे, वेगवेगळ्या वर्षांतले फोटो असतात; त्यांत घरातली माणसे, सोफा, अंगण दिसते. लसीकरणाची पुस्तिका असते, तिच्यावर लसीच्या बाटलीची चिकटपट्टी आणि डॉक्टरांचा शिक्का असतो; त्या डॉक्टरांना फोन करून खातरजमा करता येते. पुस्तिका हरवली असेल तर औषधाची जुनी चिठ्ठी किंवा शेजाऱ्यांची साक्षही मी ग्राह्य धरतो. गरीब घरात कागद नसतात आणि त्यामुळे माया कमी ठरत नाही.

भेट घरी ठरवू नका. दिवसा, दवाखान्यात, माणसे असताना बोलवा. कुत्र्याची प्रतिक्रिया अवश्य पाहा, पण केवळ तिच्यावर निर्णय सोडू नका, कारण लॅब्रेडॉर कुणालाही शेपूट हलवतो. उलट, भेदरलेला कुत्रा आपल्या माणसालाही पहिली काही मिनिटे ओळख दाखवत नाही. वास पटला की एकदम अंगावर झेपावतो. दोघांचेही पुरावे तुल्यबळ वाटले, तर तुम्ही न्यायाधीश होऊ नका. दोघांना पोलीस ठाण्यात जायला सांगा आणि निर्णय होईपर्यंत कुत्रा दवाखान्यात ठेवा.

कायद्याच्या दृष्टीने पाळीव कुत्रा ही मालकाची मालमत्ता आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 71 नुसार सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती योग्य काळजीने सांभाळण्याची जबाबदारी येते. कलम 168 नुसार स्वेच्छेने केलेल्या खर्चासाठी मालकावर दावा लावता येत नाही, पण भरपाई मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवता येते. माझा सल्ला असा की औषधांची आणि खाण्याची बिले दाखवावीत, मालक देईल ते घ्यावे आणि त्यावरून कुत्रा अडवून धरू नये. भारतीय न्याय संहितेचे कलम 314 अधिक महत्त्वाचे आहे. मालकाला परत देण्याच्या हेतूने वस्तू उचलणे हा गुन्हा नाही. मात्र मालक माहीत असताना किंवा तो शोधण्याचे वाजवी प्रयत्न करून वाजवी काळ वाट न पाहता ती आपली म्हणून ठेवणे हा अपहार ठरू शकतो. पोलिसांची पोच, लावलेल्या कागदांचे तारखेसह फोटो आणि वृत्तपत्रातील जाहिरात, हे तुमच्या वाजवी प्रयत्नांचे पुरावे होत. वाजवी काळ म्हणजे किती दिवस, हे त्या कलमात आकड्यात लिहिलेले नाही. मी किमान एक महिना सांगतो आणि महापुरासारख्या आपत्तीत त्याहून पुष्कळ जास्त. मुलांनाही हे आजच सांगा आणि कुत्र्याला नवे नाव तूर्त देऊ नका.

तोवर त्याची प्रकृती सांभाळताना दोन-तीन गोष्टी पाळा. त्याचे लसीकरण झाले आहे की नाही हे माहीत नसल्याने घरात दुसरे कुत्रे असल्यास दोघांना दोन आठवडे वेगळे ठेवा. पार्व्हो या कुत्र्यांच्या संसर्गजन्य रोगाचा विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकतो. उपाशी जनावराला एकदम पोटभर वाढू नका, थोडे थोडे चार-पाच वेळा द्या. ताप वाटला तर माणसांचे पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका. त्याने कुणाला चावले, ओरखडले किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर ती जागा साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये लस सुरू करा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. कुत्रा दहा दिवस डोळ्यांसमोर राहिला पाहिजे, पण म्हणून लस लांबवायची नसते.

सापडलेल्या मांजराबाबत यातील बराच सल्ला उलटा करावा लागेल. पट्टा नसलेले गुबगुबीत मांजर बहुधा हरवलेले नसते, शेजारच्या गल्लीतून फिरायला आलेले असते. त्याच्या गळ्यात सहज फाटेल अशी कागदी पट्टी बांधून तिच्यावर ‘हे मांजर तुमचे असल्यास फोन करा’ असे लिहावे आणि त्याला जाऊ द्यावे. पुष्कळदा संध्याकाळीच फोन येतो.

कुत्रा मालकाच्या हवाली करताना एका कागदावर दोघांची नावे, पत्ते, तारीख आणि ‘कुत्रा मिळाला’ एवढे लिहून सह्या घ्या, ओळखपत्र पाहा आणि दोघांचा कुत्र्यासह फोटो काढा. तुम्ही दिलेली औषधे, जंतनाशकाची तारीख आणि टोचलेली लस यांची चिठ्ठी मालकाला द्या, म्हणजे त्याचे डॉक्टर तेच पुन्हा देणार नाहीत. चिप नसेल तर ती तिथेच बसवून घ्यायला सुचवा. त्यानंतर लावलेले सर्व कागद काढून टाका, पोलीस ठाण्याला कळवा आणि फेसबुकवर ‘मालक मिळाला’ असे लिहा. अन्यथा पुढील कित्येक आठवडे लोक दिसेल त्या पिवळ्या लॅब्रेडॉरला धरून तुमच्या दारात आणत राहतील.